उत्तराचा रकाना

मे महिना अर्धा सरला की नागपुरात सकाळी सातलाच ऊन अंगणात येऊन बसतं. कूलरची खस पहिल्यांदा भिजते, घरभर तो ओला, गवताळ वास पसरतो, आणि त्याच सुमारास गल्लीत निकालाची बोलणी सुरू होतात. कुणाचा नातू दहावीला, कुणाची पुतणी बारावीला. या दिवसांत लोकांना आंबे आठवतात, सुट्ट्या आठवतात, गच्चीवर टाकलेल्या गाद्या आठवतात. मला एक रजिस्टर आठवतं. लाल कापडी बांधणीचं, चार रकान्यांचं. ते आठवलं की मी उठून कूलरमध्ये पाणी ओततो, कुंड्यांना पाणी घालतो, काहीतरी करतो. दरवर्षी असंच निभावलं. यंदा निभावलं नाही.

माझ्याकडे एक जुना संगणक आहे. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो. माझ्यासारखाच सत्तरीला टेकल्यासारखा वागतो. रंग, चित्रं, खिडक्या मांडता मांडता त्याला धाप लागते. मला त्यावर लिहायचंच असतं फक्त. म्हणून गेल्या आठवड्यात ठरवलं की हा चित्रांचा पसारा नकोच, सुरू झाला की त्यानं सरळ अक्षरांवर येऊन थांबावं. एका ओळीची आज्ञा पुरते त्याला. ती दिली, संगणक बंद केला, पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी भराभर सरकल्या. त्यांत डिस्क तपासल्याचीही एक ओळ होती. मग सगळं थांबलं. उरली एकच ओळ, माझं नाव विचारणारी, आणि तिच्यापुढे लुकलुकणारी एक खूण.

मी खुर्चीतून अर्धा उठलो. हात गार पडले होते. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि माझे हात गार.

शैला, माझी बायको, भाजी निवडत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं.

"काय झालं जी? काळं काहून झालं ते? बिघडलं काय?"

"नाही. मीच केलं."

हे दोन शब्द तोंडातून गेले आणि मला धक्का बसला. इतकी वर्षं जे दोन शब्द मला म्हणायचे होते, ते हेच होते. संगणकाबद्दल म्हणून का होईना, ते आपोआप बाहेर पडले होते. मग पुढचंही बाहेर पडू लागलं. शैलानं हातातली गवारीची शेंग तशीच धरून ठेवली होती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मी एका छोट्या कंपनीत कामाला लागलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती आता नाही. परीक्षांचे निकाल संगणकावर तयार करून द्यायचं काम होतं. धरमपेठेत एका घराच्या तळमजल्यावर आमचं मशीन होतं, कपाटाएवढं. त्या खोलीला वातानुकूलन होतं, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. मे महिन्यात बाहेरून तापून आलेला माणूस अनवाणी पायांनी त्या गार फरशीवर उभा राहिला की आपसूक हळू आवाजात बोलायचा. बाहेरच्या मोठ्या खोलीत मात्र कूलर घरघरत असे, आणि तिथं टर्मिनलांवर बसून शाळांतून आलेल्या गुणपत्रकांच्या गठ्ठ्यांतले मुलामुलींचे गुण भरले जात.

गुण भरणाऱ्यांत कुसुमताई सगळ्यांत जुन्या. पस्तिशीच्या असतील. कामठीहून बसनं यायच्या, पदर डोक्यावरून घट्ट घेऊन. पर्समध्ये कांदे असायचे, उन्हाची लू लागू नये म्हणून. दुपारी कुणी बाहेर निघालं की त्याच्या खिशात एक कांदा टाकायच्या. साहेबांच्याही.

सकाळी मशीन सुरू करणं हे त्यांचं काम. मशीन सुरू झालं की सरळ कामाला लागत नसे. काळ्या पडद्यावर एक जाळीसारखं चिन्ह उमटायचं आणि तिथं ते थांबून राहायचं. त्याला आम्ही प्रॉम्प्ट म्हणायचो. तिथं पहिल्यांदा तारीख आणि वेळ बरोबर आहे ना ते पाहून घ्यायचं. मग डिस्क तपासायला लावायची. आदल्या दिवशी लाइट अचानक गेली असेल, आणि उन्हाळ्यात ती रोजच जायची, तर डिस्कवर काहीतरी अर्धवट तुटलेलं असायचं. मशीन ते दाखवून विचारायचं, हा तुकडा खराब दिसतो, पुसून टाकू का?

कुसुमताई कधीही लगेच होय म्हणत नसत. आधी नाही म्हणायच्या. तुकड्याचा क्रमांक रजिस्टरमध्ये लिहायच्या, रोज संध्याकाळी सगळे गुण टेपवर उतरवून ठेवत, त्यातली आदल्या दिवशीची प्रत काढायच्या, त्या तुकड्यात कुणाचे गुण होते ते शोधायच्या, ते जागेवर आणून ठेवायच्या, आणि मग दुसऱ्या फेरीला होय म्हणायच्या. रजिस्टरमध्ये चार रकाने होते: तारीख, वेळ, मशीननं काय विचारलं, काय उत्तर दिलं. या सगळ्यात कधी अर्धा तास जायचा, कधी पाऊण. तोवर बाकीचे टर्मिनलांसमोर हात बांधून बसलेले.

"झाली का ताईंची पूजा?" कुणीतरी विचारायचं.

"होऊन राहिली. तुमचा प्रसाद काढून ठेवला आहे, दोन गठ्ठे."

"नवऱ्याशी तरी एवढं बोलता काय ताई? मशीनशी बोलता तेवढं?"

"नवरा विचारत नाही ना जी काही," त्या रजिस्टरमधून डोकं न काढता म्हणायच्या. "हे विचारते तरी."

सगळे हसायचे. मीही. मला त्या आवडायच्या, हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तसं वाटणार नाही.

त्या उन्हाळ्यात परीक्षा संस्थेचे पाहुणे मशीन पाहायला येणार होते. आदल्या दिवशी सकाळी साहेब आत आले, तेव्हा पडद्यावर ते एकटं चिन्ह लुकलुकत होतं आणि ताई टेप शोधत होत्या.

"हे काय सुधाकर? पाहुणे येतील अन् हे मशीन असं काळं तोंड घेऊन बसून राहीन काय? सुरू केलं की आपला कामांचा मेनू आला पाहिजे. रंगीत नाही तं नाही, पण काही दिसलं तं पाहिजे."

"करतो साहेब."

मी एकोणतीस वर्षांचा होतो. नोकरी अजून कायम व्हायची होती, लग्न ठरलं होतं, आणि त्या मशीनच्या पोटात काय लिहिलेलं असतं ते कार्यालयात मला एकट्याला कळत होतं, याचा मला फार अभिमान होता. दुपारी मी मशीन सुरू होतानाच्या आज्ञांची यादी उघडली आणि प्रॉम्प्टवर थांबण्याची ओळ काढून टाकली. पण डिस्क तपासली तर मशीन प्रश्न विचारणारच, आणि आता उत्तर द्यायला तिथं कुणी असणार नव्हतं. मग मी तपासणीच्या आज्ञेपुढे एक अक्षर जोडलं. एकच. त्याचा अर्थ, जे जे विचारशील त्या सगळ्याला माझं होय समज.

साहेबांनी सांगितलं होतं ते फक्त तोंड झाकायला. ते अक्षर माझं. त्यांना त्याचा अर्थही कधी कळला नाही, कारण मी कधी सांगितला नाही.

पाहुणे आले, मेनू पाहिला, उसाचा रस प्यायले, गेले. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो बदल तसाच राहू दिला. रोजचा अर्धा तास वाचतो आहे, असं म्हणत राहिलो.

पाहुणे यायचे होते त्या सकाळी कुसुमताई रजिस्टर उघडून, पेनचं टोपण काढून बसलेल्या मला आठवतात. मशीन सुरू झालं आणि मेनू आला. त्या पाहत राहिल्या.

"सुधाकरभाऊ, हे आज काही विचारत काहून नाही?"

"आता ते स्वतःच पाहते ताई. तुमचं काम कमी केलं."

"कमी केलं का?" त्या म्हणाल्या. थोडा वेळ पेन तसंच हातात होतं. मग त्यांनी टोपण लावलं.

शैला म्हणते, तुम्हाले तेव्हाच समजायले पाहिजे होतं. हो. पण त्या वेळी कूलरचा आवाज होता, गठ्ठे येत होते, आणि सगळे मला म्हणत होते की बरं केलं गा, ती पूजा एकदाची थांबली. लाइट जायची. कूलर थांबले की गल्लीतलेही सगळे कूलर एकदम थांबत, आणि अशी शांतता पडायची की दूरच्या सायकलची घंटी ऐकू यायची. मग लाइट यायची, मशीन सुरू व्हायचं, मेनू यायचा. मधल्या वेळात त्या कपाटाच्या आत मशीन स्वतःलाच काही विचारत होतं आणि माझ्या आवाजात स्वतःलाच होय म्हणत होतं. ते कुणाला दिसत नव्हतं.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस फाटकाशी आला. कामठीचा, मागावर काम करणारा. सोबत मुलगी होती, दोन वेण्या घातलेली. त्याच्या हातात निकालाचा कागद होता.

"साहेब, पोरगी लई हुशार आहे असं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "पण गणितात शून्य? शून्य तं मलेही नाही भेटलं कधी, अन् मी तं चौथीतच शाळा सोडली."

आम्ही त्याला पाणी दिलं. मी आत जाऊन कामठी केंद्राची यादी काढली. प्रिंटरमधून कागद वर सरकत होता आणि गणिताच्या रकान्यात शून्य येत होतं. पुढच्या नावापुढे शून्य. त्याच्या पुढच्या नावापुढे शून्य. सबंध केंद्र. कागद संपेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

मग त्या गुणांची फाइल पाहिली. फाइलचं नाव होतं, आत काहीच नव्हतं. तारीख एका अशा दुपारची होती जेव्हा लाइट गेली होती. तुटलेला तुकडा पुसू का, असं मशीननं विचारलं असणार, आणि होय म्हणणारा मी होतो. टेपवरची जुनी प्रतही तोवर त्याच रिकाम्या फाइलनं झाकली गेली होती. आणि गुण सापडला नाही तर शून्य धर, हे निकाल तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये लिहिणाराही मीच. हे सगळं मला एका क्षणात कळलं. पुढे जे केलं ते न कळता केलं, असं मला म्हणता येत नाही.

मी गप्प बसलो.

साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. कामठीचा गणिताचा गठ्ठा कुणाकडे होता? कुसुमताईंकडे.

"तुम्ही भरलाच नाही हा गठ्ठा."

"भरला होता जी. दोन दिवस लागले होते मले. काहून नाही भरणार?"

"मग कुठं गेला?"

"ते मशीनले विचारा."

साहेबांनी रजिस्टर मागवलं. पानं उलटली. एका पानावर येऊन थांबले. तिथून पुढं सगळं कोरं होतं.

"हे पाहा. इथपर्यंत रोजची नोंद आहे. इथून पुढं काहीच नाही. काहून? कामात लक्ष नाही, हेच दिसून राहिलं यातून."

"मशीननं काही विचारलंच नाही जी," कुसुमताई म्हणाल्या. "तं काय लिहू?"

कुणीतरी मागं हसलं. मग दोघं तिघं हसले. मशीन विचारत नाही म्हणे. ताईंचं मशीन रुसलं. ते ऐकायला खरंच वेड्यासारखं वाटत होतं, आणि ते शब्दशः खरं होतं, आणि त्या खोलीत ते खरं आहे हे ठाऊक असलेली दोनच माणसं होती. कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी प्रिंटरकडे पाहिलं.

ती कोरी पानं माझी होती. मीच ती कोरी केली होती, आणि आता तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचली जात होती. माणूस काही न लिहिल्यामुळे दोषी ठरताना मी पाहिला.

कामठीच्या शाळांतून मूळ गुणपत्रकं पुन्हा मागवली. ती भरली कुसुमताईंनीच. दोन दिवस, मान वर न करता, एकही चूक न करता. निकाल दुरुस्त झाला. त्या दोन वेण्यांच्या मुलीला गणितात चांगले गुण होते, मी मुद्दाम पाहिले होते. तिसऱ्या दिवशी साहेबांनी ताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी पर्स उचलली, रजिस्टर उचललं आणि चपला घातल्या. रजिस्टर का नेता, असं कुणी विचारलं नाही. टेबलावर एक कांदा राहिला होता. तो बरेच दिवस तिथंच होता, त्याला कोंब आले तोवर.

त्याच आठवड्यात मी ते अक्षर काढून टाकलं आणि प्रॉम्प्ट परत आणला. कुणी विचारलं नाही. मला कुणीच काही विचारलं नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पावसाळ्यात नोकरी कायम झाली, दिवाळीनंतर लग्न झालं.

एवढं ऐकून शैलानं ती शेंग ताटात ठेवली.

"इतकी वर्षं माह्याशी बोलून राहिले, अन् हे नाही बोलले?"

"नाही."

"त्या कुठं असतात आता?"

हेही मला ठाऊक होतं. सावनेरला. ते ठाऊक असूनही मी कधी गेलो नाही, हे ऐकून शैलाला जो धक्का बसला तो आधीच्या सगळ्यापेक्षा मोठा होता. तिच्या चेहऱ्यावर तो मी पाहिला. "एका तासाचा तं रस्ता आहे," ती एवढंच म्हणाली आणि आत गेली. फार वर्षांपूर्वी सीताबर्डीच्या बसथांब्यावर कुसुमताई दिसल्या होत्या आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो होतो, हे तिला सांगायचं राहूनच गेलं. ते इथं सांगतो. आणि तेव्हा हसलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांच्यासाठी पुन्हा लिहितो: त्या खरं बोलत होत्या. मशीन विचारत नव्हतं. विचारणं मी बंद केलं होतं.

परवा सकाळच्या बसनं सावनेरला गेलो. उतरून विचारत विचारत घरापर्यंत पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. पडवीत एक म्हातारी बाई चष्मा लावून तांदूळ निवडत होती. मी नाव सांगायच्या आधीच त्या बोलल्या.

"सुधाकरभाऊ ना? बसा. एवढ्या उन्हात आले. कांदा तरी ठेवला का खिशात?"

गडूभर पाणी प्यायलो आणि बोलायला लागलो. ते चिन्ह, ते अक्षर, ती फाइल, ती कोरी पानं. त्यांचे हात तांदळात चालूच होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"माहीत आहे मले."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही.

"ज्या दिवशी त्यानं विचारणं सोडलं, त्याच दिवशी समजलं. मशीन आपल्या मनानं शहाणं होत नाही जी. कोणी तरी करते तवा होते."

"मग तेव्हा माझं नाव काहून नाही घेतलं?"

"मी माही गोष्ट बोलली ना साहेबांसमोर. पुढची तुम्ही बोलायची होती. पाहिलं होतं मी तुमच्याकडे." त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हटलं पोरगा नवीन आहे, भ्याला असेल. आज नाही तं उद्या बोलेल. ते गुण पुन्हा भरून राहिली होती, तवा दोन दिवस तुमच्याच टेबलाकडे कान होता माहा. तिसऱ्या दिवशी घरीच बसवलं."

पुढं त्यांनी खाणीच्या कार्यालयात हजेरी लिहायचं काम केलं, निवृत्त होईपर्यंत. तिथं एकदाही चूक निघाली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. घरी सगळ्यांना सांगावं लागलं होतं, काहून काढलं म्हणून. सासरे मरेपर्यंत म्हणायचे, सूनबाईनं कामठीची पोरं नापास केली. ते घरही कामठीतच होतं. गल्लीतल्या पोरी पाहायच्या.

हे मला ठाऊक नव्हतं. नोकरी गेली एवढंच मी इतकी वर्षं मनात धरून बसलो होतो. त्या कामठीच्या गल्लीतून रोज जात येत होत्या, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"ताई, मला माफ—"

"तोंडी नको," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा हातात ते लाल रजिस्टर होतं. कापड विटलं होतं. त्यांनी पहिलं कोरं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं, पेन दिलं. मी तारीख लिहू लागलो तर बोट ठेवून थांबवलं.

"आजची नाही. तेव्हाची."

मला ती तारीख पाठ होती. वेळ, दुपारी तीन. मशीननं काय विचारलं: हा तुकडा पुसू का? काय उत्तर दिलं: होय, सुधाकरनं, न पाहता. अक्षर वाकडं आलं. त्याखाली पुढची ओळ ओढली, आजची तारीख घातली, वेळ घातली. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, मला माफ कराल का? चौथा रकाना मोकळा ठेवून रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं.

त्यांनी चष्मा सारखा करून दोन्ही ओळी वाचल्या. दोनदा. मग रजिस्टर मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

"हा रकाना माहा आहे," त्या म्हणाल्या. "अन् मी घाईनं होय म्हणत नाही, तुम्हाले माहीत आहे. पहिले पाहीन, काय काय तुटलं आहे ते."

मी उठलो. पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आलो तेव्हा मागून हाक आली. वळून पाहिलं तर त्या भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन हळूहळू येत होत्या. जवळ आल्या आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात एक कांदा टाकला.

"हे उत्तर नाही," त्या म्हणाल्या. "ऊन आहे."